सोसायटीच्या गच्चीवर भयपट, विज्ञानपट आणि अद्भुतपट: कोणते लावावेत आणि कसे?

गच्चीवरचा_मांडव

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी नाशिकच्या इंदिरानगरात आहे. इमारत चार मजली, गच्ची साधारण ५० बाय ३० फूट. तीन शनिवारी तीन सिनेमे दाखवायचं ठरलंय: एक भुताखेताचा, एक विज्ञानकथेचा, एक अद्भुत. प्रेक्षक चाळीसेक, त्यात सात ते बारा वयाची दहाबारा पोरं आणि चारपाच आजी-आजोबा.

हाताशी आहे ते असं: खोक्यावर '९००० ल्युमेन' (उजेडाचं माप) छापलेला एक छोटा एलईडी प्रोजेक्टर, पांढरी डबल बेडची चादर, एक ब्लूटूथ स्पीकर, लॅपटॉप. गच्चीच्या पश्चिमेला रस्त्याचा दिवा कठड्याच्या थोडा खाली येतो. शेजारच्या इमारतीवर एक फ्लडलाइट आहे.

भयपटासाठी 'तुंबाड' आणि 'लपाछपी' यांत वाद चाललाय. विज्ञानकथेसाठी कुणी '२००१: अ स्पेस ओडिसी' म्हणतं, कुणी 'एलियन', कुणी 'द थिंग'. अद्भुतसाठी काहीच ठरलं नाही. एकाचं म्हणणं, अमावस्या बघूनच तारखा धरा.

विचारायचं एवढंच की घरच्या टीव्हीवर अंगावर काटा आणणारा सिनेमा असा उघड्यावर चाळीस जणांत लावला तर टिकतो का? टिकवायचा तर काय करावं लागेल? मे महिन्याची सुट्टी की दिवाळीनंतर?

---

काळोख_मोजणारा

शेवटून सुरू करतो. दिवाळीनंतर करा. डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या आतबाहेर मावळतो, पावणेसातला पडदा नीट दिसू लागतो. मे महिन्यात सूर्यास्तच सातला, म्हणजे धड अंधार व्हायला पावणेआठ. उघड्यावरचा ध्वनिवर्धक रात्री १० ला बंद करावा लागतो, तेव्हा मेमध्ये हातात जेमतेम सव्वादोन तास उरतात. त्यात चहापाणी, 'अजून जोशीकाकू यायच्यात' आणि पहिल्या दहा मिनिटांतली वायरींची ओढाताण धरा. डिसेंबरात सव्वातीन तास मिळतात. थंडी वाजेल, पण भयपटाला गोधडी पांघरून बसलेला प्रेक्षक चांगलाच.

आता अमावस्या. ती शोधत बसू नका. पौर्णिमेचं चांदणं पडद्यावर पाव लक्सच्या (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास पडतं. रस्त्याचा दिवा किंवा फ्लडलाइट थेट पडला तर दहा लक्स सहज. चंद्र माफ आहे, हॅलोजन नाही.

हे आकड्यांत बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. पडदा ८ फूट बाय साडेचार फूट धरला तर ३६ चौरस फूट झाले. डिजिटल सिनेमागृहात पांढऱ्याची उजळी साधारण १४ फूट-लँबर्ट ठेवतात (पांढऱ्या पडद्याच्या दर चौरस फुटावर एक ल्युमेन पडला की साधारण एक फूट-लँबर्ट). १४ गुणिले ३६ म्हणजे ५०४. खरे पाचशे ल्युमेन पडद्यावर पोचले तर संपूर्ण अंधारात थिएटरइतका उजेड मिळतो. म्हणजे उजेड हा फार मोठा प्रश्न नाही. प्रश्न काळ्याचा आहे. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावर आधीच जो उजेड पडलाय, तोच तुमचा 'काळा'. दहा लक्स पडत असतील तर पांढरा आणि काळा यांतलं अंतर पंधरापट उरतं. एक लक्सवर आणलं की दीडशेपट. लग्नाच्या व्हिडिओला पंधरापट पुरतं. विहिरीच्या तळाशी कंदील घेऊन उतरलेला माणूस दाखवायचा असेल तर पंधरापटीत नुसती राखाडी चादर दिसते आणि मागून कुणीतरी विचारतं, 'काय चाललंय नक्की?'

भयपट गच्चीवर पडतात ते याच कारणाने. कथा तीच असते, कलाकार तेच असतात. भीती ज्या कोपऱ्यात ठेवलेली असते तो कोपराच उजळून निघालेला असतो.

तर करायचं असं:

पडद्याची पाठ पश्चिमेला करा, म्हणजे रस्त्याचा दिवा मागून येईल. पण मग चादर चालणार नाही, मागचा उजेड आरपार येईल. फ्लेक्सवाल्याकडून मागून काळा असलेला कोरा पांढरा फ्लेक्स १० बाय ६ फूट कापून घ्या. बाजू मॅट हवी, चकचकीत घेतला तर मधोमध दिव्याचा गोळा चमकत राहतो. चारी कडांना फूटभर अंतरावर रिंगा ठोकून घ्या. शेजारच्यांना फ्लडलाइट तीन तास बंद ठेवायची विनंती आधीच करा, त्यांनाही बोलवा म्हणजे प्रश्न मिटतो. मोबाइलमध्ये लक्स मोजायचं अ‍ॅप टाका, फोन पडद्याच्या जागी पडद्यासारखाच तोंड करून धरा. आकडा एकच्या खाली आला पाहिजे.

वारा विसरू नका. एवढा पडदा म्हणजे शीड. ताशी २० किमी वाऱ्याला त्यावर दहाबारा किलोचा रेटा येतो, वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. मांडववाल्याकडून पाइपची चौकट घ्या, दोन्ही पायांवर २० किलोच्या वाळूच्या गोण्या टाका. पडदा सुतळीने करकचून बांधू नका, रिंगा फाटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्याने ताणा. झोत आला की पडदा थोडा मागे जातो आणि परत येतो.

'९००० ल्युमेन' वर विश्वास ठेवू नका. अशा छोट्या एलईडी पेट्या अँसी (ठरलेल्या पद्धतीने मोजलेल्या ल्युमेनच्या) मापाने बहुधा दोनतीनशेच्या घरात असतात. दोनशेपन्नास भागिले ३६ केलं तर सात. सिनेमागृहाच्या निम्मं. अंधार नीट असेल तर पडदा ६ फूट रुंद ठेवून भागतं, पण चाळीस माणसांना सहा फूट अपुरा. १५०० ते २५०० अँसीचा भाड्याने आणा. त्याचा 'थ्रो' (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) दीड असेल तर ८ फूट चित्रासाठी प्रोजेक्टर पडद्यापासून १२ फुटांवर, पडद्याच्या बरोबर समोर ठेवा. तिरका ठेवून 'कीस्टोन'ने चौकोन सरळ केला की चित्राची धार जाते.

आणि एक बारीक पण हमखास बिघाड. लॅपटॉप एचडीएमआयने जोडल्यावर काळं एक तर धुरकट दिसतं किंवा सगळा तपशील गिळून डांबर होतं. दोन्ही यंत्रांची 'रेंज' जुळलेली नसते. एक 'फुल'वर, दुसरं 'लिमिटेड'वर. दोन्हीकडे एकच ठेवा. मग सिनेमातलं एखादं अंधारं दृश्य थांबवून 'ब्राइटनेस' एकेक पायरी वाढवा. काळ्या कोटाच्या घड्या दिसू लागल्या की थांबा, त्याच्या पुढे गेलात की धुकं. 'मोशन स्मूदिंग' (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) असेल तर बंद, नाहीतर सिनेमा दैनंदिन मालिकेसारखा दिसतो. हे सगळं आदल्या रात्री करा. शनिवारी संध्याकाळी सहाला करायला गेलात तर भयपट तुमचाच होईल.

---

तिसरी_घंटा

काळोखभाऊंनी काळ्याचा हिशेब मांडलाय, त्याच हिशेबाने सिनेमे निवडू.

'तुंबाड' आणि 'लपाछपी' या वादात माझं मत पहिल्या शनिवारी 'लपाछपी'ला. दोन्हींत चांगला कोणता, हा वेगळा वाद. 'तुंबाड' (२०१८, १०४ मिनिटं) हा काळ्या रंगावर उभा असलेला सिनेमा. सगळा पाऊस, ओल, चिखल, आणि कळस त्या लाल भिंतींच्या गर्भात: विनायक दोराने खाली उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे करतो, आणि ज्याची वाट बघायची तो वरून, कडेच्या अंधारातून येतो. ही कड पडद्यावर काळी दिसली नाही तर हस्तर, म्हणजे तो राक्षस, येण्याआधीच कळतो. तुमचा अंधार एक लक्सच्या खाली गेला तर खुशाल लावा, नाहीतर हा घरी दिवे घालवून बघायचा.

'लपाछपी' (२०१७) उलट बाजूने काम करतो. त्यात भीती दिवसाढवळ्या उसात आहे. उसाचा फड हाच भिंतींविना केलेला बंद वाडा. चार पावलांपलीकडचं दिसत नाही, सगळ्या वाटा सारख्या, आणि आत लहान मुलांचे आवाज. ज्यांनी निफाडकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा ऊस पाहिलाय, त्यांना यात काय आहे ते सांगावं लागत नाही. उजेडातली भीती असल्यामुळे थोडा दिवा पडला तरी चित्र मरत नाही. मात्र विषय गर्भवती बाई आणि मुलींचे जीव घेणं हा आहे. लहान पोरांना त्या रात्री खाली ठेवा, आणि सोसायटीत कुणी बाळंतपणाच्या दिवसांत असेल तर आधी सांगून ठेवा.

आता चाळीस जणांत भीती टिकते का? टिकते, पण सगळी नाही. भीतीचे ढोबळ दोन प्रकार धरा. एक दचकवणारी, एक मुरणारी. दचकणं गर्दीत वाढतं, कारण शेजारचा दचकला की आपणही दचकतो, मग सगळे हसतात, मग पुन्हा दचकायला मोकळे. मुरणारी भीती गर्दीत विरते, कारण तिला शांतता आणि एकटेपणा लागतो. जपानी 'रिंगू' (१९९८) हे याचं उत्तम उदाहरण. त्यात सादाको टीव्हीच्या पडद्यातून बाहेर येते. तिचं ते विचित्र चालणं असं मिळवलंय की नटी उलटी चालली आणि फिल्म उलटी फिरवली. पाऊल पुढे पडतं, पण शरीराचा तोल मागे जाणाऱ्याचा. डोळ्यांना काहीतरी चुकतंय हे कळतं, काय ते कळत नाही. पण ही सगळी जादू घरातल्या टीव्हीसमोर बसलेल्यासाठी आहे. आठ फुटी फ्लेक्सवर दाखवलीत तर ती बाई फ्लेक्समधून बाहेर येतेय असं कुणालाही वाटणार नाही.

विज्ञानकथा: '२००१' (१९६८) नको. सिनेमा थोर आहे, यावर वाद घालायची माझी तयारी नाही. पण त्याची थोरवी शांततेत आहे. अवकाशात हवा नाही म्हणून आवाज नाही, ही शिस्त त्यात पाळली आहे, कधी फक्त श्वास ऐकू येतो, कधी तोही थांबतो. तुमच्या गच्चीवर त्या क्षणी पाथर्डी फाट्याकडे जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येणार. शिवाय पहिली वीसेक मिनिटं एकही संवाद नाही, आजोबा झोपतील.

'एलियन' (१९७९, ११७ मिनिटं) आणि 'द थिंग' (१९८२, १०९ मिनिटं) यांत मी डोळे झाकून 'द थिंग' घेईन, फक्त मोठ्यांसाठी. कारण त्याची भीती गर्दीचीच आहे. अंटार्क्टिकावरचा तळ, डझनभर माणसं, त्यात एक प्राणी जो कुणाचंही हुबेहूब रूप घेतो. प्रश्न 'तो कुठे आहे' असा नाही, 'तुझ्या शेजारी बसलेला कोण आहे' असा आहे. गच्चीवर सतरंजीला सतरंजी लावून बसलेल्यांना हा प्रश्न बरोबर लागतो.

त्यातली रक्ताची तपासणी नीट बघा, सिनेमा कसा घडवतात ते तिथे उघडं पडतं. माणसं खुर्च्यांना आणि कोचाला बांधलेली. प्रत्येकाचं थोडं रक्त काचेच्या बशीत. नियम आधी सांगितला जातो: प्राण्याच्या रक्ताचा प्रत्येक थेंब स्वतःचा जीव वाचवायला धडपडणार, तेव्हा त्याला तापलेली तार लावली की तो पळेल. मग तार ज्वाळेत तापते, बशीत बुडते, चर्र होतं, काही होत नाही. पुढची बशी. तार, ज्वाळा, चर्र, काही नाही. दोनतीन वेळात प्रेक्षकाला ताल पाठ होतो. मग ज्याच्यावर सगळ्यांचा संशय आहे त्या माणसाशी बोलाचाली सुरू होते, तुझी बशी शेवटी घेऊ म्हणून. आपलं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर, कान भांडणाकडे, आणि हात मात्र दुसऱ्याच कुणाच्या बशीत तार बुडवत असतो. रक्त किंचाळून उडतं ते तेव्हा. मोठा आवाज नाही करत दिग्दर्शक आधी, संगीत वाढवत नाही. नुसता ताल लावतो आणि बोलण्यात गुंतवतो. पाकीटमार हेच करतात.

या जातीच्या सिनेमांचं आकर्षण विचाराल तर मला ते इथेच दिसतं. नियम सांगून टाकायचा आणि मग त्या नियमातूनच माणसाला कोंडीत पकडायचं. ज्या विज्ञानपटात शेवटी नवीनच यंत्र काढून सुटका करतात, तो प्रेक्षकाला फसवल्यासारखा वाटतो.

मुलंही बसणार असतील तर १९५४ चा मूळ जपानी 'गोजिरा' (म्हणजे गॉडझिला) लावा, ९६ मिनिटं, कृष्णधवल. प्राणी रबरी पोशाखातल्या माणसाचा आहे हे पोरांना कळेल, चालतं. फिल्म जास्त वेगाने चित्रित करून नेहमीच्या वेगाने दाखवली की हालचाल संथ होते, आणि संथ झालेलं अंग जड वाटतं, एवढीच त्याच्या वजनाची युक्ती. डरकाळी अकिरा इफुकुबे या संगीतकाराची: डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या तारेवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून ती काढली आहे. मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटावरच्या अणुचाचणीची राख जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात हा सिनेमा आला. आजोबांना हा संदर्भ आधी दोन वाक्यांत सांगा, मग ते तो राक्षसाचा खेळ म्हणून बघणार नाहीत. घेताना भाषा तपासा. १९५६ ची अमेरिकी काटछाट केलेली आवृत्तीही फिरते, त्यात एक अमेरिकी वार्ताहर मध्येच घुसवलाय. ती नको.

---

गच्चीवरचा_मांडव

बाप रे, फ्लेक्स आणि सायकलची ट्यूब लिहून घेतली. 'लपाछपी' आणि 'गोजिरा' जवळपास नक्की, 'द थिंग' मोठ्यांसाठी चौथा शनिवार काढून. ब्लूटूथ स्पीकरचं काय? आणि अद्भुतचं कुणी बोललं नाही.

---

कान_टवकारून

ब्लूटूथ नको. त्यात आवाज सेकंदाच्या सातव्या ते चौथ्या हिश्श्याने मागे पडतो. गाणी ऐकताना कळत नाही. दार आपटलेलं आधी दिसलं आणि धाडकन नंतर आलं की भयपटाचा विनोदपट होतो. साधी ऑडिओ केबल लावा. एम.जी. रोडला हवी तेवढी लांब मिळेल, २० फुटांची घ्या आणि ती पॉवरच्या वायरीबरोबर गुंडाळू नका, घूंऽऽ असा आवाज येतो.

उघड्यावर खर्ज नाहीसा होतो. खोलीत भिंती तो परत फेकतात, गच्चीवर तो आकाशात जातो. आवाज वाढवून तो परत येत नाही, फक्त चिरकेपणा वाढतो. सब-वूफर भाड्याने मिळाला तर तो जिन्याच्या खोलीची भिंत आणि कठडा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, जमिनीवर ठेवा. दोन भिंती आणि जमीन त्याला फुकट जोर देतात. मुख्य दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही अंगांना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. मागे ठेवू नका, संवाद पडद्यातून आला पाहिजे.

सगळ्यांत जास्त तक्रार येते ती अशी: 'संगीत ऐकू येतं, बोलणं येत नाही.' सिनेमाचा ध्वनी बहुधा ५.१ (पाच स्पीकर आणि एक सब-वूफर धरून केलेला) असतो, संवाद मधल्या वाहिनीत. तुमच्याकडे डावा-उजवा दोनच. प्लेअरमध्ये ध्वनी 'स्टिरिओ'वर आणला नाही तर मधली वाहिनी कधी कधी गळून पडते. आधी तपासा. आणि 'नाइट मोड' नावाची सोय बंद ठेवा. ती बारीक आवाज मोठा आणि मोठा आवाज बारीक करते. कुजबूज आणि किंकाळी एकाच पातळीवर आली तर दचकायला उरतं काय? आवाजाची पातळी कुजबुजीवर लावा: मागच्या रांगेतल्या आजींना सगळ्यांत हळू संवाद कळला की तिथे खूण करा आणि नंतर बटणाला हात लावू नका. किंकाळीला कुणी 'कमी करा' म्हणेल. करू नका.

वेफर्सची पाकिटं बंद. चिवडा कागदी द्रोणात द्या. कुरकुरतो, पण पाकीट फोडण्याचा आवाज मुरणाऱ्या भीतीचा जेवढा खून पाडतो तेवढा कुठला ट्रकही पाडत नाही.

वीज: दिव्याचा प्रोजेक्टर साधारण ३०० वॉट, स्पीकर आणि लॅपटॉप धरून ५०० च्या आत. १५० एएचच्या घरगुती इन्व्हर्टरवर दोनेक तास निघतील. लाइट गेली आणि प्रोजेक्टर धाडकन बंद झाला तर पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा तडकू शकतो, म्हणून तो इन्व्हर्टरवरच जोडा. संपल्यावरही पंखा थांबेपर्यंत प्लग उपटू नका. हा घोटाळा हमखास आवराआवर करणारा उत्साही मुलगा करतो. डिसेंबरात नऊनंतर दव पडायला लागतं, प्रोजेक्टरवर वरून पुठ्ठ्याचं छप्पर करा, बाजूंच्या जाळ्या मोकळ्या ठेवून.

---

पांडवलेणी_पायथा

अद्भुतचं माझ्याकडे घ्या. नाशिकमध्ये बसून अद्भुतपट कुठला लावावा असा प्रश्न पडतो, याची गंमत वाटते. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. १९१३ मध्ये मुंबईत पहिला चित्रपट केला आणि त्याच वर्षी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. पुढचे बरेच चमत्कार इथलेच. 'लंकादहन' (१९१७) मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके. आणि 'कालिया मर्दन' (१९१९), ज्यात कृष्ण म्हणजे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय सातच्या आसपास. याचा बराच भाग आजही पाहायला मिळतो. सुरुवातीलाच ती पोरगी नुसत्या चेहऱ्याने राग, हसू, रडू असे भाव करून दाखवते, तुमची पोरं तिथेच अडकतील. पुढे पाण्याखालची नागाशी झुंज.

लावताना एक चूक होते. त्या काळचे चित्रपट सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटींनी घेतलेले. कॉपी जर चोवीसच्या वेगाने फिरत असेल तर सगळे दीडपट पळतात आणि पोरांना वाटतं जुनी माणसं अशीच तुरुतुरु चालायची. माणसांचं चालणं बघा. घाईचं वाटलं तर प्लेअरमध्ये वेग ०.६७ वर आणा. मूकपट आहे, तेव्हा सोसायटीत जो कुणी पेटी किंवा तबला वाजवतो त्याला बसवा, आणि मध्येमध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मोठ्याने वाचायला एक खणखणीत आवाजाची मावशी. तेव्हाही थिएटरात वाद्यं असायचीच.

त्याच्या जोडीला जपानी अ‍ॅनिमेशनपट 'माय नेबर टोटोरो' (१९८८, ८६ मिनिटं). उजळ रंग, त्यामुळे तुमच्या रस्त्याच्या दिव्याचं काही चालणार नाही. त्यात खलनायकच नाही, तरी पोरं जागची हलत नाहीत. पावसात बसथांब्यावर छत्री धरून उभ्या असलेल्या मुलीशेजारी एक अजस्र केसाळ प्राणी येऊन उभा राहतो आणि छत्रीवर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजाने हरखतो. अद्भुत म्हणजे राजवाडे आणि तलवारी असं ज्यांना वाटतं त्यांना हे दृश्य दाखवा. मात्र 'पॅन्स लॅबिरिंथ' (२००६) परीकथा समजून पोरांसमोर लावू नका. त्यात परी आहे, पण तळहातावर डोळे असलेला माणूसही आहे आणि स्पेनमधल्या यादवीनंतरचा खरा क्रूरपणा त्याहून भयंकर.

त्या दिवशी दुपारी पोरांकडून फाळके युक्ती करून घ्या, मग रात्री ती पडद्याकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतात. फोन तिकाटण्यावर घट्ट बसवा. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही 'लॉक' करा. जमिनीवर खडूने पायांच्या खुणा काढा. तीन मुलं उभी, मधला हात वर करतो, 'स्टॅच्यू!' म्हटलं की सगळे थिजतात. चित्रण चालूच. मधला चौकटीबाहेर निघून जातो, बाकीचे हलत नाहीत. 'ओव्हर' म्हटलं की दोघे दचकतात. मग संपादनाच्या अ‍ॅपमध्ये मधल्याचं चालत जाणं कापून टाका. मुलगा अदृश्य. बिघडतं कुठे ते सांगतो: उरलेल्यांची मुंडी किंचित वळलेली असते, ती जोडावर टपकन उडते. किंवा मधेच ढग येऊन भिंतीचा रंग बदलतो. म्हणून सावलीत करा आणि थिजायचा वेळ पाच सेकंदांहून जास्त ठेवू नका. कापताना जोडाच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन चौकटी जास्तीच्या काढल्या तर झटका कमी होतो.

'श्रीकृष्णजन्म' (१९१८) मध्ये कंसाला स्वतःचं मुंडकं धडावेगळं झालेलं दिसतं, ती याच्या पुढची पायरी. काळ्या कापडापुढे काळं झाकून चित्रण केलं की फिल्मचा तेवढा भाग कोरा राहतो. फिल्म मागे गुंडाळून त्याच कोऱ्या जागी दुसरं चित्र घ्यायचं. जिथे काळं आहे तिथेच चमत्कार मावतो. काळोखभाऊंचा एक लक्सचा हट्ट तिथेही होताच, असं म्हणा हवं तर.

फाळके स्मारक तुमच्या इंदिरानगरापासून लांब नाही. सकाळी पोरांना घेऊन जाऊन आलात तर उत्तम.

---

नियमावर_बोट

कुणीच बोललं नाही म्हणून. वैयक्तिक ओटीटी वर्गणीत चाळीस जणांसमोरचं प्रदर्शन बसत नाही. तिकीट नाही लावलं म्हणून ते खासगी होत नाही. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना एक मेल टाका. भारतात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, त्यामुळे फाळके आणि १९५४ चा 'गोजिरा' त्या मुदतीच्या पलीकडे गेलेत, पण नव्याने लावलेलं संगीत किंवा उपशीर्षकं यांचा हक्क निराळा असू शकतो, कॉपी कुठली घेताय ते बघा. ध्वनिवर्धकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी घ्या. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. वयाचे शेरे २०२४ पासून यूए ७+, १३+, १६+ असे फोडले आहेत. जुन्या सिनेमांवर ते दिसणार नाहीत, तेव्हा आधी एका मोठ्या माणसाने पूर्ण बघून ठरवावं.

---

गच्चीवरचा_मांडव

सगळ्यांचे आभार. एकच राहिलं. 'गोजिरा'ची इंग्रजी उपशीर्षकं मागच्यांना दिसतील का? आजोबा मागे खुर्चीत बसणार.

---

काळोख_मोजणारा

पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर ठेवा. पुढे सतरंजी, मागे खुर्च्या, सतरंजीवाल्यांची डोकी तीन फुटांच्या वर सहसा जात नाहीत. पहिली रांग पडद्यापासून १२ फुटांवर, शेवटची २४ च्या पुढे नको. म्हणजे प्रोजेक्टर पहिल्या रांगेतच येतो, तो मधोमध स्टुलावर आणि त्याच्या बरोबर मागची फूटभर पट्टी रिकामी.

उपशीर्षकांचा रंग प्लेअरमध्ये पांढऱ्यावरून मध्यम राखाडी करा. अंधाऱ्या दृश्यात पांढरी अक्षरं टॉर्चसारखी डोळ्यांत घुसतात आणि त्यांच्या उजेडात बाकीचा अंधार दिसेनासा होतो. अक्षर एक माप मोठं. आणि आजोबांना इंग्रजी वाचायचं नसेल तर त्या खणखणीत मावशींना तिथेही बसवा, त्या तशाही आलेल्या असतीलच.